टाके निघेस्तोवर

"सुनेला टाके काढायला कधी आणू?" सासूबाईंनी विचारलं. सिझर झालेली सून बाळाला कुशीत घेऊन पडली होती.

"आणायला नको, मावशी. हा दोरा आपोआप विरघळतो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"हे बाहेर माझ्या लेकाला सांगू नका. आमच्यात बाईला विसावा टाके निघेस्तोवरच. मग पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या. मला बी तेवढाच मिळाला."

डॉक्टरबाईंनी लेकाला आत बोलावलं. "टाके कसे बघायचे ते तुमच्या आईंना शिकवलंय. त्या सांगतील तोवर हिला कळशी उचलू द्यायची नाही."

लेकानं आईकडे पाहिलं. सासूबाईंनी सुनेचं पांघरूण जरासं उचललं, आत डोकावल्या आणि पुन्हा नीट घातलं.

"अजून लई घट्ट हायेत," त्या म्हणाल्या.