एकजुटीचं गाऱ्हाणं

“उमेदवार मी. नायतर आमचो पक्ष येगळो लढतलो,” गंगाराम म्हणाला आणि त्याने पानाचं तबक धोंडूकडे सरकवलं.

रवळनाथाच्या मंडपात दोन्ही पक्षांची माणसं सकाळपासून ठाण मांडून बसली होती. गंगाराम खलाशांच्या पक्षाचा पुढारी, धोंडू कुळांच्या. सत्तावन्न सालची निवडणूक, आणि समोर भिकाजी सावकार. दोघं वेगळे लढले तर मतं फुटणार आणि सावकार मिशीला पीळ देत आमदार होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. अर्ज तर उद्याच भरायचा होता.

धोंडूने पानाला हात लावला नाही. गंगारामाने तबक आणखी पुढे ढकललं. हा हटून बसला तर सगळंच मुसळ केरात! सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

“तुझ्या कुळांसाठी मी जेलात जातलंय रे. माज्यार इस्वास ठेव.”

धोंडूने सुस्कारा टाकला. “माका आमदारकी नको. तो सावकार पडाक व्हयो. तूच ऱ्हव उभो.”

कसला भला माणूस! वर्षानुवर्षं कुळांसाठी उन्हातान्हात वणवण केली आणि वाढलेलं ताट दुसऱ्यापुढे सरकवून मोकळा झाला. त्याची माणसं चुळबुळली. गंगारामाने त्याला कडकडून मिठी मारली. गंगारामाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“पण आधी गाऱ्हाणा घालूया,” धोंडू म्हणाला.

“देवाक कित्याक राजकारणात वडतस? माणसाचो शब्द पुरे,” गंगाराम म्हणाला.

“अरे, रवळनाथाक सांगल्याशिवाय आपल्याकडे लगीनसुदा ठरणा नाय!”

सगळे हात जोडून उभे राहिले. गावाच्या वतीने देवाशी बोलणारा बाबली घाडी नारळ घेऊन पुढे झाला. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे काय म्हणायचं, ते इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा एक झाली आसत!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या गंगारामाक येस दी!”

“व्हय म्हाराजा!”

बाबलीला चेव चढला. “आणि जो कोण ओठात एक, पोटात एक ठेवन हय उभो आसात, तेच्या घरादाराचा वाटोळा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज गंगारामाचा होता. शब्द तोंडातून गेला आणि त्याने जोडलेले हात झटकन सोडले. भरलेला अर्ज ऐनवेळी मागे घेऊन सावकाराला बिनविरोध निवडून द्यायचं, असं वचन तो कालच सावकाराला देऊन आला होता.