उशिराची चार अंडी

पाहुणे अकराला यायचे होते आणि साडेदहाला पिवळी कोंबडी अंड्यांवरून उठली.

सात पिलं घेऊन ती परड्यात उतरली आणि कण्या टिपायला लागली. शालनने तिला दोनदा धरून पाटीत बसवलं. दोन्ही वेळा ती हाताला टोचून खाली उतरली. पाटीत चार अंडी तशीच राहिली. ती चार शालननेच दोन दिवस उशिरा तिच्या पोटाखाली सारली होती. एवढी रुंद कोंबडी सातांवरच कशाला बसवायची, म्हणून. तिने एक उचलून कानाला लावलं. आतून आवाज येत होता.

“झालं का न्हाय तुझ्या कोंबड्यांचं?” तिचा नवरा बाबासो सोप्यातून ओरडला. “मागच्या पावण्यांनी काय निरोप धाडला, इसरलीस? घरात कोंबड्यांचा वास मारतोय म्हणं. ह्या खेपेला पोरीचं मोडलं, तर समद्या उचलून बाजारात सोडून येतो बघ!”

वासासाठी तिने पहाटेपासून दोनदा सारवलं होतं, उदबत्त्या लावल्या होत्या. उरला होता तो आवाज. कोंबडी गप्प ठेवायची तर तिच्या चोचीपुढं सतत काहीतरी पाहिजे. मोठ्या कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली ज्वारीवर, अंड्यावर न आलेल्या तलंगा न्हाणीत भिजवलेल्या कोंड्यावर. पिवळी आणि पिलं तिने आत घेऊन चुलीमागं बारीक कण्यांवर सोडली. सगळ्या एकत्र ठेवल्या की मोठ्या बारक्यांना टोचतात आणि मग परडं डोक्यावर घेतात.

पण ही चार कुठं ठेवायची? चुलीपाशी भाजतील, पाटीत गार पडतील. त्या दिवसांत कळंब्याच्या रस्त्याला घरं तुरळक. एस्टी थांबली की आवाज थेट परड्यात यायचा. तो आला. शालनने अंडी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळली, ओच्यात खोचली आणि वरून पदर घेतला.

पाहुणे तिघं होते. मुलगा कृष्णात कबनूरला यंत्रमागावर कामाला. त्याचा मामा आकाराम बोलका. कृष्णातची आई धोंडुबाई जाड भिंगांच्या चष्म्यातून सगळं बघत होती.

शालनच्या लेकीने, वैजूने, पोहे आणले. शालन भिंतीला टेकून ताठ बसली होती.

“का ओ बाई, अवघडल्यासारख्या बसलाय?” धोंडुबाईने विचारलं.

“कंबर धरलीया.”

आकाराम उसाचं, पावसाचं, एस्टीच्या गर्दीचं बोलत होता. शालनच्या मनात न्हाणीतला कोंडा होता. अर्ध्या तासाचा घातलेला, आता संपला असणार. तेवढ्यात एक तलंग ओरडलीच. बाबासोने डोळे मोठे केले. वैजू उठली. “पाणी आणते,” म्हणाली आणि आत गेली. ओरडणं थांबलं.

शालनने श्वास सोडला, आणि तिच्या पोटाला काहीतरी ओलं, टोकदार लागलं. मग बारीक आवाज आला.

चिव.

“चिमण्या,” बाबासो घाईघाईनं म्हणाला. “वळचणीला लई झाल्यात.”

चिव, चिव.

धोंडुबाईने चष्मा सारखा केला. “चिमण्या तुमच्यात बाईच्या ओच्यात घरटं करत्यात व्हय?”

आकाराम पोह्यासकट खो खो हसला. कृष्णातने मान खाली घातली. बाबासोचा चेहरा उतरला. एवढं सारवून, एवढं लपवून शेवटी आपणच आपल्या हातानं पोरीचं मोडलं, असं शालनला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

“कोंबडी उठून गेली,” ती म्हणाली. “जित्ती हायत. टाकवली न्हाईत.”

धोंडुबाई सरकत सरकत तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“मागनं सारलीसा व्हय?”

“व्हय.”

“किती दिसांनी?”

“दोन.”

“मग ती कशाला थांबती? चालत्या पोरांमागं तिला जाणं आलं.” धोंडुबाईने हात पुढं केला. “किती हायत?”

“चार.”

“दोन द्या हिकडं. एका कमरेला चार म्हंजे दोन गार पडणार.”

शालनने न फुटलेली दोन काढून दिली. धोंडुबाईने ती रुमालात घेतली, आपल्या ओच्यात खोचली आणि वरून तळहात ठेवला. “आमच्यात मागांच्या खडखडाटात कोंबडी अंड्यावर टिकत न्हाय,” ती म्हणाली. “बारा वर्सं परडं मोकळं हाय.”

वैजू दारात येऊन उभी होती. पाण्याचा तांब्या ती विसरली होती. हात मनगटापर्यंत कोंड्यानं भरले होते.

“पिलांचं मोठ्या खात न्हाईत व्हय गं?” धोंडुबाईने तिला विचारलं. मघापासून तिने मुलीला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

“डालगं दगडावर टेकवून उपडं घालायचं,” वैजू म्हणाली. “खाली चार बोटं फट ठेवायची. पिलू आत जातंय, मोठी बाहेरनं बघत बसती.”

“आन मोठी चिडली तर?”

“चिडंल की. तिला तिकडं लांब ज्वारी फेकायची.”

आकारामने घड्याळ बघितलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि उठला. “चला आक्का, बाराची एस्टी चुकंल. काय ते चार दिसांत कळवतो म्हणून सांगू ह्यांस्नी.”

धोंडुबाई भिंतीला नीट टेकून बसली.

“तुमी दोघं व्हा फुडं,” ती म्हणाली. “माझी दोन भाईर आल्याबिगर मी काय हितनं उठत न्हाय.”