चारच तारा

नागपुरात लेकीकडे राहायला आलेल्या वसगडेकर मास्तरांना सोबत मॅन्डोलिन वाजवणारं कुणीतरी हवं होतं. वाद्यांच्या तीन दुकानांत नुसते कीबोर्ड दिसले. चौथ्यात मॅन्डोलिन टांगलेलं होतं, पण त्याला आठांऐवजी चारच तारा.

"बाकीच्या उंदरांनी खाल्ल्या काय?"

"मीच काढल्या, काका," दुकानदार ऐटीत म्हणाला. "दोन-दोन एकाच सुराच्या होत्या. उगाच भरती!"

"मग एक कानही काढून ठेव. दोन्हींनी सारखंच ऐकू येतं." मास्तरांनी तारा छेडल्या. रिकामा डबा वाजवल्यासारखा आवाज आला. "जोडीच्या तारेशिवाय याला गळा फुटत नाही. कोल्हापुरातली माझी चौथीतली पोरंसुद्धा तुला हसली असती! इथं हे वाजवणारे कुठं जमतात?"

"कुठंच नाही जी. मी एकटाच वाजवतो, मोबाइलवर बघून."

"दिसतंच आहे," म्हणत मास्तर तडक पायऱ्या उतरले. मागून तोच डबा वाजू लागला. सूर चुकत होते, तरी वाजवणं थांबत नव्हतं.

मास्तर वळले आणि रस्त्यातूनच ओरडले, "उद्या पाचला माझं मॅन्डोलिन घेऊन येतो. तोवर काढलेल्या तारा चढव, गाढवा. आणि डाव्या हाताची नखं काप!"