परसातला गुत्ता

बायको गेल्यापासून भगवंतराव लोहा गावातल्या घरात एकटेच राहत. परसात मोहाची दारू गाळायची आणि भिंतीवर कोळशानं गुत्त्याचं नवनवं नाव लिहायचं, एवढाच त्यांचा विरंगुळा. कधी 'सासुरवाडी', कधी 'झुलती कचेरी'. वाचायला मात्र कुणी यायचं नाही.

एका दुपारी निजामाच्या आबकारी खात्यातले जमादार मोईनमियाँ आले. भिंतीवरचं 'हुजूर झोपलेत' वाचून पोट धरून हसले. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. मग दारूचा हंडा जप्त करत ते ओशाळून म्हणाले, "माफ करा, भगवंतराव. कुणीतरी खबर दिली. दुश्मनी हाय का कुणाशी?"

"न्हाई," भगवंतराव म्हणाले. "बसा जरा. चहा टाकतो."

 

सकाळी एका वाटसरूजवळ ती खबर भगवंतरावांनीच धाडली होती.