काचघराचं माप

"आठ बाय दहा," ती म्हणाली.

"सहा बाय आठ," मास्तर म्हणाले. "त्यावर एक इंच नाही."

काचवाला टेप हातात धरून परसात उभा होता. जमिनीत चार खुंट्या ठोकलेल्या, त्यांना सुतळी बांधलेली. काल संध्याकाळी तिनं खुंट्या बाहेर सरकवल्या होत्या. सकाळी उठून पाहते तर पुन्हा आत.

मास्तरांचा जन्म शिवणकामात गेला. दुकान बंद केल्यापासून त्यांचा जीव रोपांत अडकला होता. खिडकीत, जिन्यावर, शिलाई मशीनच्या फळीवरसुद्धा मिरच्या, टोमॅटो आणि बेगोनियाच्या कुंड्या. थंडी पडली की अर्धी रोपं माना टाकायची. काचघर हवं, हे दोघांनाही मान्य होतं. केवढं हवं, यावरून मात्र आठवडाभर धुसफूस चालली होती.

"आपण दोघं, आणि घर हत्तीचं!" मास्तर म्हणाले. "अंगापेक्षा कपडा मोठा शिवला की माणूस आत हरवतं."

"अहो, माती-खताची हातगाडी आत फिरायला नको? मधली वाट तीन फूट हवीच."

"हातगाडी दारातच राहू दे. घमेल्यानं नेता येतं."

हातगाडी तिच्या मनात नव्हतीच.

पावसाळा संपता संपता मास्तरांच्या बोटांतून सुई निसटायला लागली. मग कपाची कड, मग दाराची किल्ली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. आधी हात जातील, मग पाय. वर्षभरात चाकांची खुर्ची लागेल. त्यापुढचं डॉक्टर बोलले नाहीत आणि तिनं विचारलं नाही.

बाहेर बाकावर मास्तर वाट पाहत होते. "काय म्हणतात?"

"अशक्तपणा आहे. टॉनिक लिहून दिलंय."

देवा, एवढं एक खोटं पोटात घाल, असं मनात म्हणत ती त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत आली.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांचा टेप पिशवीत टाकून तिनं दवाखान्याच्या सामानाचं दुकान गाठलं आणि खुर्चीची रुंदी मोजून आली. खुर्चीत बसूनही ते आपल्या रोपांत असावेत, वळता यावं, कुंडीला हात लागावा. तिचं मागणं एवढंच होतं. आणि ती वेळ येईपर्यंत त्यांना काही कळू नये.

संध्याकाळी मास्तरांनी टेप उचलला. "हा उलटा कुणी गुंडाळला?"

"मी. पडदे मोजले."

"पडदे," मास्तर म्हणाले. टेप सुलटा गुंडाळायला त्यांना बराच वेळ लागला.

आता ते काचवाल्याला विचारत होते, "वरची खिडकी एका हातानं उघडते ना? जोर नको लागायला."

"उघडते की. दांडा देतो लावून."

तिनं मान वळवली. त्यांचा उजवा हात खिशात होता.

"आणि फळ्या खाली घे. खांद्याच्या वर काही नको."

"मास्तर, तुम्ही एवढे उंच. खाली घेतल्या तर कंबर मोडेल."

"मोडू दे. खाली म्हणजे खाली."

हात वर जात नसेल, तिच्या मनात आलं. तिनं पदर सारखा केला. "मग आठ बाय दहाच बरं. फळ्या खाली घेतल्या तर जागा जास्त लागते. आणि लहान काचघर पटकन तापतं, हे काचवाले म्हणालेच मघाशी."

"तापतं ते खरं," काचवाला पुटपुटला.

"आणि एवढ्या काचा पुसणार कोण?" मास्तरांनी विचारलं.

"आपण."

"आपण," मास्तर म्हणाले. तिच्याकडे पाहत राहिले. मग हसले. "लग्नात ब्लाउजचं माप घेतलं तेव्हापासून बघतोय. टाचा उंच केल्या तरी कपाटाच्या वरच्या कप्प्याला हात पोचत नाही, आणि गोष्टी आठ बाय दहाच्या!"

"तुम्ही आहात ना काढून द्यायला."

खाली वाकून मास्तरांनी डाव्या हातानं एक खुंटी उपटली आणि तिच्या पायाशी ठेवली. "घे. तुझंच खरं. करा काय हवं ते." पायरीशी क्षणभर भिंत धरून ते आत गेले.

तिनं सुटकेचा श्वास सोडला. खुंटी बाहेर, आपल्या जागी रोवली. "ठरलं मग. आठ बाय दहा."

काचवाल्यानं टेप उघडला नाही.

"वहिनी, सहा बाय आठच घ्या."

"आता तुमचं काय मधेच?"

त्यानं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मी बोललो असं सांगू नका. मास्तर मागच्या आठवड्यात माझ्या दुकानात आले होते, एकटेच. उभ्या उभ्या सगळी मापं तोंडपाठ सांगितली. फळी इथं." त्यानं तळहात आडवा धरला. तो बरोबर तिच्या कोपराशी आला. "दाराची कडी इथं. वरच्या खिडकीचा दांडा इथपर्यंत."

प्रत्येक खेपेला तळहात तिच्याच अंगाशी येऊन थांबत होता.

"मी म्हटलं, मास्तर, हे तुम्हाला कसं होणार? तुमचं माप द्या. तर म्हणाले, 'माझं घेऊ नकोस. हा कपडा तिला एकटीला घालायचाय.'"