एका वेळी एकच टीव्ही

वृंदानं लावलेली मॅच चक्क लगेच सुरू झाली आणि ती घाबरली.

तिच्या लग्नापासून बाबांनी बोलणं टाकलं होतं, पण माहेरच्या टीव्हीवर ॲप अजून तिच्याच सबस्क्रिप्शनवर चालायचं. एका वेळी एकच टीव्ही. तिनं मॅच लावली की 'दुसरीकडे सुरू आहे' असं यायचं. नवरा वैतागायचा, ती मात्र निवांत व्हायची. बाबा खुर्चीत बसलेत, ठीक आहेत.

आज फायनल, आणि बाबांचा टीव्ही बंद?

तिनं फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला.

"हं."

"बाबा! मॅच का नाही लावलीत?"

मागे रेडिओवर कॉमेंट्री ऐकू येत होती.

"मी लावली की तुझी लागत नाही ना? म्हटलं, फायनल तरी बघू दे पोरीला."