गल्लीचं मौन

"आता कोणी काही लिहू नका, मी ग्रुप बंद करतेय," एवढं टाइप करून ताईने बटण दाबलं आणि अख्ख्या गल्लीची वाचा बसली.

टीव्हीवर ती गावं दाखवत होते. म्हणजे गावांचं जे काही उरलं होतं ते. भूकंप पहाटे झाला आणि पाठोपाठ लाट आली. ताईची धाकटी बहीण लग्न होऊन तिथेच गेलेली, त्या साता समुद्रांपलीकडच्या किनाऱ्यावर. "ताई, घर हलतंय गं" हा तिचा ग्रुपवरचा शेवटचा मेसेज. त्यानंतर फोन लागतच नव्हता.

ताईचं घर आणि पुढचं शिवणाचं दुकान गल्लीच्या उताराला, अगदी तळाशी. गल्लीचा ग्रुपही तिनेच सुरू केलेला. गाव सोडून गेलेलेसुद्धा त्याला चिकटून होते. नळाला पाणी कधी येणार, कोणाचं मांजर हरवलं, कोणाकडे पाहुणे आले, सगळं तिथेच कळायचं.

मौनाचा नियम तिचाच. मागे एका आजोबांना रक्त हवं होतं. मुलाने ग्रुपवर हॉस्पिटलचं नाव टाकलं आणि लोकांनी त्याच्याखाली इतके हात जोडले, इतकी फुलं वाहिली, की रक्त द्यायला निघालेल्यांना ते नावच सापडेना. आजोबा वाचले ते नशीब म्हणून. तेव्हापासून ठरलं, ज्याच्यावर संकट त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी घरात बसायचं, फोन मोकळा ठेवायचा आणि वाट बघायची. गल्ली एरवी एक नंबरची भांडकुदळ, पण हा नियम सगळे इमानाने पाळत.

आज तिथे फक्त धाकटी बोलू शकत होती, ताईने तेवढी मुभा ठेवली होती.

"त्या टीव्हीचा गळा दाब आधी," सासूबाई म्हणाल्या. "तेच तेच पाणी बघून पोरगी सापडणार आहे का?"

ताईने टीव्ही बंद केला. तिलाही बघवत नव्हतं. मघाशी एक निळ्या छपराचं घर वाहत गेलं, आणि धाकटीच्या घराचं छप्पर निळंच होतं.

"दुसऱ्या मजल्यावर राहते ना ती?"

"आई, दोन दोन मजली घरं वाहताना दाखवतायत."

सासूबाईंनी वाद न घालता जपमाळ हातात घेतली. असं क्वचितच होई.

नवरा उंबरठ्यापासून शिलाई मशीनपर्यंत येरझारा घालत होता. ताईला ते सहन होईना. "तुम्ही जा बघू खाली किनाऱ्यावर, होडीला रंग द्यायचा राहिलाय ना? लेकीलाही न्या. माझा रडवेला चेहरा बघून ती पण घाबरलीय." दोघं गेले. समोरची काकू दारात येऊन हातानेच विचारायची, कळलं का काही? ताई मान हलवायची. काकू पुन्हा आत जायची. गल्लीत एरवी कान किटतात, आज कोणी टीव्ही की कुकरसुद्धा लावला नव्हता.

फोन वाजला. ताईने झडप घातली आणि नाव बघून फोन तसाच मशीनवर ठेवून दिला.

भोंगा!

भोंगा म्हणजे बंदराच्या कचेरीतला कारकून. त्यांच्याकडे वायरलेसवर सगळ्या बातम्या आधी पोचत. काकूचा भाऊ बोटीवर वारला तेव्हाही पहिला फोन भोंग्याचाच आला होता. गल्लीत म्हणत, भोंगा वाजला की समजायचं, कोणीतरी गेलं; म्हणून त्याचा फोन सहसा कोणी उचलतच नसे.

"घे की," सासूबाई म्हणाल्या.

"नाही."

"अगं, काहीतरी कळलं असेल त्याला."

"म्हणूनच नको!" ताईचा आवाज चिरकला. "मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाहीये. ती स्वतः लिहील. लिहीलच ती."

फोन थांबला, पुन्हा वाजला. तिने कापला. तिसऱ्यांदाही कापला. मग त्याचा मेसेज आला: "ताई, हात जोडतो, फोन उचला. नाहीतर ग्रुप तरी उघडा. सगळ्यांना सांगायला हवं."

ताईने तो मेसेज पुन्हा वाचला. सगळ्यांना सांगायचंय म्हणे. म्हणजे नाव आलं असणार. ग्रुप उघडला की भोंगा ते नाव टाकणार, खाली भराभर हात जोडले जाणार, आणि मग ते खरंच होऊन बसणार. तो पुढे अजून काही टाइप करत होता, तेवढ्यात तिने दात आवळले आणि भोंग्याला ब्लॉक करून टाकलं. "मेल्या, तुझ्या जिभेला काही हाड!" ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुपार कलली तेव्हा फोन पुन्हा थरथरला. ताईला बघायचा धीर होईना. सासूबाईंनी चष्मा लावला, फोन लांब धरला आणि एकदम ओरडल्या, "अगं, तिचाच आहे! धाकटीचा!"

"ताई, मी जिवंत आहे. आम्ही सगळे टेकडीवर आहोत. रेंज आत्ता आली."

ताई अनवाणी रस्त्यावर धावली. "आहे! माझी धाकटी आहे!" पटापट दारं उघडली. काकूने तिला मिठीच मारली. कोणी हसत होतं, कोणी डोळे पुसत होतं, कोणी खिडकीतून ताट बडवायला लागलं. एवढा वेळ कोंडलेली गल्ली एकदम बोलायला लागली. त्या गलबल्यात ताईच्या हातातला फोन आणखी एकदा थरथरला. डोळ्यांतलं पाणी पुसून तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"आमच्याकडची लाट ओसरली गं. पण तीच समुद्र ओलांडून तुमच्याकडे निघालीय, सकाळपासून सगळ्या जगाला सांगतायत. ग्रुपवर एक शब्द नाही, म्हणजे तुम्ही सगळे केव्हाच वर डोंगरावर गेला असाल ना?"